आज गुणाबाई कोण?

सोमवार, ३ नोव्हेंबर

एक दिवस! एक दिवस तरी ही बाई गप्प बसेल का!

सकाळी गोडाऊनला पोचले, अजून एप्रनची नाडी बांधत होते, तोच गुणाबाई — "शैले, शनवारी तू टेप वाकडी लावलेलीस गो." शनिवारची टेप! मधला अख्खा रविवार हिने ती डोक्यात सांभाळून ठेवली आणि सोमवारी आल्या आल्या माझ्या पदरात घातली. मग करिष्माला — "तुझी घडी म्हंजे बोचका हाय निस्ता." मग रुखसानाला — "हात हल्लू का चालतंय? जेवली न्हायस का?" संघरत्नाला तर केस नीट बांधले नाहीत म्हणून. केसांचा आणि कामाचा काय संबंध?

मी कधी कुणाला दुखवत नाही. कुणाची घडी चुकलेली दिसली तर ती चहाला गेली की मी गुपचूप मोडून नीट घालते. बोलायचं कशाला? बोलण्यापेक्षा केलेलं बरं. काम पण होतं, मन पण राहतं.

संध्याकाळी धाकटीचा फोन होता. विचारते, "ताई, तू त्या वळ गावाला जाऊन नेमकं करतेस तरी काय?" तीन वर्षं झाली, अजून हिला कळत नाही! सांगितलं परत — लोक घरबसल्या कपडे मागवतात, आवडले नाहीत की परत पाठवतात. ते आमच्या टेबलावर येतात. आम्ही पाच जणी ते उघडतो, डाग-फाट बघतो, मूळची घडी घालतो, टॅग, पिशवी, टेप. माल पुन्हा नवा. "म्हणजे घड्याच घालता ना?" म्हणाली. फोन ठेवला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज भावेशने दोन्ही टेबलांना उभं करून सांगितलं. भावेश आमचा सुपरवायझर, वळचाच पोरगा. गुणाबाईचा पुतण्या लागतो, तिला काकी म्हणतो. आणि तिला घाबरतोसुद्धा, हे सगळ्यांना माहीत आहे.

तर लग्नाचा माल सुरू होतोय. लेहंगा, चोळी, ओढणी — तिन्ही एकाच खोक्यात, एकाच रंगाची, काही हरवायचं नाही, काही बदलायचं नाही. दीड महिना दोन्ही टेबलं हा माल बघणार. ज्या टेबलाच्या चुका कमी, ते सकाळच्या शिफ्टला राहणार. दुसरं टेबल नवीन वर्षापासून दुपारच्या शिफ्टला — सुटायचं ते रात्री अकराला.

दुपार आमच्या टेबलाला परवडणारी नाही. करिष्माचं बाळ अंगावर पितं. कोन गावाहून येते ती. रात्री अकरानंतर घरी पोचणारी सून तिच्या सासूला चालणार नाही, नोकरी सुटलीच म्हणून समजा. रुखसाना माझ्या नारपोलीतलीच, मागच्या गल्लीतली. तिचा नवरा रात्रपाळीला लूमवर असतो, मुलांजवळ कोण झोपणार? संघरत्नाचा संध्याकाळी परीक्षेचा क्लास.

आणि मी? माझं काही अडत नाही. नवरा, बाळाराम, रिक्षा घेऊन रात्री उशिरापर्यंत कल्याण नाक्यावर असतोच. मुलगा सुमित नोकरीला नाशिकला. मी कुठल्याही शिफ्टला जाईन. पण ते टेबल माझं नसेल. खरं लिहू? घरी आठवडाभरात हसत नाही तेवढी मी तिथे एका डब्याच्या सुट्टीत हसते. हे टेबल फुटायला नको. बास.

भावेश मला म्हणाला, "शैलाताई, तुमचं टेबल तुम्ही बघा." मी टेबलाची लीडर! बाळारामला सांगितलं, तर म्हणे, "मग घरी काय कमी लीडर होतीस?"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

झालं! करिष्मा रडली.

सकाळी गुणाबाईने तिला धारेवर धरलं होतं. लेहंग्याची घडी चुकली म्हणून सगळ्यांसमोर — "पोर सांभालते का बोचकी बांधते?" करिष्माने नाक मुरडलं, हसली पण. मग चहाला गेली. मी तेवढ्यात तिच्या सगळ्या घड्या मोडून नीट करून ठेवल्या. ती परत आली, टेबलाकडे बघितलं आणि डोळ्यांत टचकन पाणी. एवढा वेळ गिळून धरलं असणार बिचारीने!

डब्यानंतर करिष्मा, रुखसाना, संघरत्ना — तिघी मिळून भावेशच्या केबिनकडे जाताना दिसल्या. मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? गुणाबाईची तक्रार, दुसरं काय!

आता मीच काहीतरी केलं पाहिजे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

केलं.

भावेशला म्हटलं, काकींचे गुडघे दुखतात, दुसरं टेबल पाण्याच्या नळाजवळ आहे, त्यांना तिकडे बसवलंस तर चालणं वाचेल. गुडघ्यांचं मी ऐनवेळी केबिनच्या दारात जुळवलं होतं. रोज वळच्या त्या टोकाहून पायी येणारी बाई, तिचे कसले गुडघे दुखतात!

भावेश माझ्याकडे बघत राहिला. मग का कुणास ठाऊक, हसला. "बघतो ताई. तसाही एक बदल करायचाच होता."

कुणाला दुखवलं नाही, कुणाचं नाव खराब केलं नाही. असं करावं लागतं. स्वतःवर खूश आहे मी आज.

सोमवार, १० नोव्हेंबर

गेली! हूं नाही की चूं नाही. मला वाटलं होतं गोडाऊन डोक्यावर घेईल. उठली, चपला पायात सरकवल्या आणि समोरच्या टेबलावर जाऊन बसली. जाताना माझ्यासमोर तिच्या डब्यातली भाकरी ठेवली. "खा गो. जवला हाय तुना आवरतं तसा." जवला मला खरंच आवडतो. जरा कसंतरीच झालं.

धूळ उडते म्हणून डोक्याला बांधायचा तिचा पिवळा रुमाल आमच्या खिळ्यावरच राहिला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काय शांतता! कानांना विश्रांती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आठवडा कसा गेला कळलंच नाही. रुखसानाने मोबाइलवर हळू आवाजात गाणी लावली. संघरत्नाने चिवडा आणला. करिष्माने बाळाचे फोटो दाखवले. कुणी कुणाला एक शब्द वावगा बोललं नाही. "बरं का गं," "जमेल का," "असू दे असू दे, मी करते" — असं सगळं. टेबल असावं तर असं!

तिकडे समोर मात्र आरडाओरडा. त्या चौघी आजवर एकमेकींशी बोलायच्यासुद्धा नाहीत, येऊन खाली मान घालायच्या. आता गुणाबाई मधोमध बसून एकेकीला झाडते. आणि आज तर त्यातली एक उलट गुणाबाईवर ओरडली! बिचाऱ्या. मला वाईट वाटलं.

दुपारी करिष्माच्या खोक्यांत ओढण्या अदलाबदल झाल्यासारख्या वाटल्या. राणी रंगाच्या खोक्यात मरून रंगाची, मरूनमध्ये राणी. फरक अगदी थोडा. म्हटलं, आत्ता कशाला तिचा मूड घालवा, सुटताना आपण बघू. सुटताना अर्धी खोकी नीट केली. बाकीची तेवढ्यात गाडीवर चढली. असू दे, एवढं काही नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

एवढं आहे!

ओढण्यांचा तो लॉट परत आला. एका नवरीची ओढणी दुसरीला, दुसरीची तिसरीला. एकीने म्हणे हळदीच्या दिवशी खोकं उघडलं. भावेशने आवाज चढवला नाही, फक्त खोकी आमच्यासमोर आणून ठेवली. ते जास्त लागलं.

तो गेल्यावर रुखसाना हळूच म्हणाली, "दीदी, मैंने देखा था." देखा था? मग बोलली का नाहीस? "उस दिन मेरे बच्चे को बुखार था, करिष्मा ने मेरा भी काम किया. अब उसी की गलती कैसे निकालूँ? बुरा लगता ना उसको." संघरत्ना म्हणाली, मलाही दिसलं होतं, पण रुखसानाभाभी मोठ्या, त्या गप्प आहेत म्हणजे बरोबरच असेल असं वाटलं. आणि मला तर दिसलंच होतं.

म्हणजे जिची चूक ती एकटी सोडून सगळ्यांनी पाहिलं! आणि सगळ्या गप्प! करिष्मा आमच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "एवढं चांगलं नका ना वागू माझ्याशी."

गुणाबाई असती तर पहिल्याच ओढणीला बोंब मारली असती. तिकडच्या टेबलाचं एकही खोकं परत आलेलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

वळला गेले होते. गुणाबाईकडे. बाळारामने रिक्षाने सोडलं.

मोठं घर, स्लॅबचं, दारात दोन टेम्पो उभे. मुलं, सुना, नातवंडं. हिला कामाची गरज नाही हे माहीत होतं, पण एवढी नाही हे माहीत नव्हतं. मला बघून आश्चर्य नाही, काही नाही. "बस. भाकऱ्या टाकते. मारगेशीर लागला, नायतर तुना कोलंबी घातली असती." तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची भाजी. ताटात भाकरी संपू देईना.

मी आडून आडून सुरुवात केली — टेबल सुनं वाटतं, तुमची आठवण येते, भावेशला सांगून परत या. ती चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून बसलेली. म्हणाली, "माझा गुडघा कवा दुखला गो, शैले?"

मेलेच मी! पण ती हसत होती. खांदे हलत होते तिचे. मग मलाही हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी कुठून आलं कळलं नाही. माफी मागायची राहूनच गेली.

यायला मात्र नाही म्हणाली. "त्या बाया आता कुठं भांडाला लागल्यात. त्यांना सोडून येऊ? न्हाय."

मी विचारलं, तुम्हाला सारखं बोलायला कंटाळा येत नाही? लोकांना राग येतो, तुम्हाला काही वाटत नाही? तर तिने हात गोडाऊनच्या दिशेने केला. आमचं गोडाऊन आहे तिथे यांचं भाताचं शेत होतं. "जिथं तुझा टेबल हाय ना, तिथं मी लावनी केलंय. धा बाया वळीत उभ्या. वाकून, मागं मागं सरकत. एकीचा हात चुकला का तवाच वरडाचं. तवा न्हाय वरडली तर तिची वळ वाकडी, मग शेजारनीची वाकडी, मग सगल्यांची. मागशी कोन सरल करनार? दिसभर एकमेकींना शिव्या घालाच्या आन दुपारी बांधाव एका टोपलीतला खावाचा. राग कुनाला येनार? जिला बोलत न्हाय तिला राग येतंय. तिला वाटतंय, मी वळीत न्हायच."

निघताना रुमालाचं सांगितलं, उद्या आणून देते म्हटलं. "र्‍हाऊ दे तिथंच," म्हणाली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज टेबलावर सगळ्यांना सांगितलं — आजपासून कुणाची चूक दिसली की लगेच तोंडावर बोलायचं. कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दिवसभर कुणी चकार शब्द बोललं नाही! मी पण नाही. दोनदा जिभेवर आलं, दोनदा गिळलं. बोला म्हटल्यावर असं कोण बोलतं?

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज हसून हसून पोट दुखलं. लिहूनच ठेवते.

डबा खाऊन आलो, बघतो तर करिष्माने गुणाबाईचा पिवळा रुमाल डोक्याला बांधलेला, पदर खोचलेला, कमरेवर हात. "काय गो संघे, तुझा टॅग खाली डोका वर पाय हाय! आन रुखसाने, चोळी कुठं हाय ह्याची? खाल्ली?" तोच आवाज, तीच मान! समोरच्या टेबलावरून खरी गुणाबाई बघत होती, तोंडाला पदर लावून.

आणि गंमत अशी, संघरत्नाने बघितलं तर टॅग खरंच उलटा. रुखसानाने खोकं उघडलं तर चोळी खरंच नाही! टेबलाखाली पडलेली. दोघींनी हसत हसत नीट केलं. राग नाही, लोभ नाही. बोलली ती करिष्मा नव्हतीच, गुणाबाई बोलली!

मी म्हटलं, थांबा. हे रोज करायचं.

नियम तिथल्या तिथे ठरले. डब्यानंतर रुमाल एकीच्या डोक्यावर. रोज पाळी बदलणार. रुमाल जिच्या डोक्यावर असेल तिने काही दाबून ठेवायचं नाही, आणि जिला बोललं तिने उलटं बोलायचं नाही. फक्त म्हणायचं, "बरं काकी." मग दुरुस्त करायचं. रुमाल उतरला की विषय संपला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज गुणाबाई कोण? — रुखसाना. "अरे ये क्या टेप लगाया, साप जैसा!" गुणाबाई हिंदी बोलायला लागल्या!

सोमवार, १ डिसेंबर

आज संघरत्नाची पाळी. पदवीधर मुलगी, वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली, रुमाल बांधला आणि वाचाच गेली. बराच वेळ नुसती उभी. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "ताई, सॉरी हां, म्हणजे, ह्या ओढणीला डाग आहे असं मला वाटतं." रुखसाना म्हणाली, "काकी, आवाज खोल!" तेवढ्यात समोरच्या टेबलावरून खऱ्या गुणाबाईची आरोळी आली, "माझा रुमाल बांधून कुजबुजतेस? लाज काढतेस माझी!"

मग सुटली संघरत्ना. पुढचा डाग अख्ख्या गोडाऊनला ऐकू गेला.

गेल्या बुधवारपासून एक खोकं परत आलेलं नाही. उगाच नजर लागायला नको.

बुधवार, ३ डिसेंबर

आज पाळी पुन्हा करिष्माची.

नेहमीसारखी नक्कल करत करत टेबलाला फेरी मारली, रुखसानाला बोलली, संघरत्नाला बोलली. मग माझ्यासमोर आली. मी हसायला तयारच होते.

"शैले," म्हणाली, "आमची घडी चुकली तर आमाला सांग. आमी चहाला गेलो का मोडू नको."

मी हसत होते ती तशीच राहिले. मग तिचा गुणाबाईचा आवाज गेला, स्वतःचा आला. "ताई, परत येऊन बघायचं, तर आपली एकही घडी आपली नाही. कसं वाटतं माहितीये? शाळेत मी चित्र काढलं की बाई म्हणायच्या छान, आणि मग स्वतःच रंगवून द्यायच्या. तसं. गुणाकाकी बोचकं म्हणायची, ते चालायचं. ती घडी मलाच परत घालायला लावायची ना."

रुखसाना टेपचं टोक शोधत बसली. संघरत्ना जमिनीकडे बघत होती. म्हणजे तिघींचंही हेच होतं.

नियम म्हणजे नियम. "बरं काकी," म्हटलं.

घरी येईपर्यंत रागात होते, खोटं कशाला लिहू. यांच्यासाठी मी चहा सोडून मरमर मरायचे आणि वर हे ऐकायचं! बाळारामला सगळं सांगितलं, म्हटलं निदान हा तरी माझ्या बाजूने बोलेल. तो म्हणाला, "मी भांडी घासली की तू परत घासतेस. म्हणून तर सोडलं मी घासायचं."



गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळीच करिष्माची एक घडी सुटताना दिसली. हात शिवशिवले. दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि म्हटलं, "करिष्मा, ही सुटतेय बघ."

"हो ताई." तिने केली नीट. संपलं!

एवढंच होतं? एवढ्यासाठी मी तीन वर्षं चहा थंड केला?

आज टेबलावर सगळ्यांबरोबर गरम चहा प्यायले. रुखसाना माझ्यासाठी जागा धरून बसली होती.

शनिवार, ६ डिसेंबर

रजा. विहारात सकाळपासून दादरला, चैत्यभूमीवर जाणाऱ्यांसाठी पुरीभाजीची पाकिटं बांधत होतो, संघरत्नाही होती. सगळ्या जणी शांतपणे, आदराने गरम पुऱ्या पिशवीत भरत होत्या, आणि पिशव्या आतून ओल्या होत होत्या. सगळ्यांना दिसत होतं! माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "पुऱ्या आधी निवू द्या, सकाळपासून चिखल चाललाय." अध्यक्षीण बाईंनी वळून बघितलं. मग म्हणाल्या, "मला मघाशीच वाटत होतं."

संघरत्नाने माझ्याकडे बघून डोक्याला रुमाल बांधल्याची खूण केली. आजचा दिवस हसायचा नाही, पण हसलो दोघी.

शुक्रवार, १२ डिसेंबर

काम इतकं की लिहायला होत नाही. पण बरं चाललंय. फार बरं.

आज गुणाबाई मी होते. करिष्माला बोलले, रुखसानाला बोलले, भावेश मध्ये आला त्यालाही बोलले — त्याने स्कॅनिंगचं टेबल चुकीच्या जागी ठेवलंय, सगळ्यांना वळसा पडतो. तो गांगरला. "बरं काकी" त्याच्या तोंडून आपोआप निघालं!

गुरुवार, १८ डिसेंबर

जिंकलो! आमचं टेबल सकाळीच राहणार!

भावेशने सांगितलं तेव्हा करिष्माने आधी घरी फोन लावला आणि मग रडली. रुखसानाने मला मिठी मारली, टेपचा तुकडा माझ्या केसांत चिकटला. फरक अगदी थोडा होता म्हणे. दुसरं टेबलही खूप सुधारलं, पहिल्या दिवसांत ते आमच्या फार पुढे होतं. शेवटच्या पंधरवड्यात आम्ही गाठलं. त्या चौघी वळच्याच आहेत, कंपनीची गाडी दारात सोडणार, त्यांना दुपार चालते म्हणाल्या. कुणाचं तोंड उतरलं नाही. गुणाबाईने लांबूनच हात वर केला.

येताना अख्ख्या रस्त्यात गुणगुणत होते.

शुक्रवार, १९ डिसेंबर

काल आनंदात एक गोष्ट डोक्यात आलीच नाही. गुणाबाई त्या टेबलावर आहे. म्हणजे नव्या वर्षापासून ती रात्री अकराला सुटणार. या वयात. आणि त्या टेबलावर तिला मी घातलं. माझ्या त्या खोट्या गुडघ्यांनी.

रात्र मला चालते, तिला कशाला? उद्या भावेशशी बोलते. आता गुपचूप काही नाही, सरळ तोंडावर.

शनिवार, २० डिसेंबर

भावेशला म्हटलं, काकींना आमच्या टेबलावर घे, त्यांच्या जागी दुपारच्या शिफ्टला मी जाते. गुडघ्यांचं खोटं होतं हेही सांगून टाकलं.

त्याने केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "ताई, काकी तुमच्या सांगण्यावरून नाही गेली. तुम्ही माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी त्या तिघी आल्या होत्या. तुम्हाला हलवा म्हणून."

मला!

"मी हलवणारच होतो. घरी बोललो, तर काकी आडवी आली. म्हणाली, तिला नको, मना हलव. त्या टेबलाबिगर तिला करमनार न्हाय."

जगातली प्रत्येक वाकडी टेप तोंडावर सांगणारी बाई! मला समोर बसवून भाकऱ्या वाढल्या आणि हे एवढं मात्र पोटात ठेवलं.

उद्या वळला जाते. काय बोलायचं सुचत नाही. ती बोलेलच.